सातव्या वाटीत काय घालू?

कोथरूडचं_घुबड | ८ जानेवारी, ०२:४७

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४३, पुणे, बैठी नोकरी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये झोप उडाली ती उडालीच. आधी झोप गेली, मग जेवणाची चव गेली, मग कशातच काही वाटेनासं झालं. रडू वगैरे येत नाही. नुसतं सपाट. रविवारी मुलगी कॅरमला बोलावते, तर सोंगट्या लावतानाच माझ्या डोक्यात हे कधी संपणार याचा हिशोब सुरू असतो.

तेव्हा आमच्या डॉक्टरांनी फोनवरच एक गोळी लिहून दिली होती, एस्सिटॅलोप्रॅम (उदासीवरचं औषध) आणि क्लोनाझेपाम (झोपेचं, बेचैनीवरचं) एकत्र असलेली. तीन महिन्यांसाठी. तीन महिने संपले, चिठ्ठी संपली, गोळी चालूच राहिली. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ओळखीचा आहे. तो "नेहमीची?" विचारतो, मी मान हलवतो.

पुढे एकेक भर पडत गेली. आईचा जुना मिसळणाचा डबा आहे, सात वाट्यांचा. सध्या त्यातल्या सहा भरलेल्या आहेत: ती गोळी, डी-३, मॅग्नेशियम, अश्वगंधा, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि आतेभावाने न्यू जर्सीहून आणलेल्या, झोपेसाठीच्या मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्या, १० मिलिग्रॅमच्या. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा म्हातोबा टेकडीवर जातो. जातो त्या दिवशी बरं वाटतं, हे खरं.

तरी रात्री तीन वाजता टक्क जागा असतो. आता सातव्या वाटीत फाइव्ह-एचटीपी घालायचा विचार आहे, ऑनलाइन मिळतंय. कुणी घेतलंय का? किती, कधी? आणि कृपया "डॉक्टरला दाखवा" एवढं एक सोडून सांगा.

मनीमाऊ | ८ जानेवारी, ०७:१०

वाचतेय.

टवाळ_पांडू | ८ जानेवारी, ०८:३२

सातव्या वाटीत मोहरी घाला. फोडणीला उपयोगी पडेल.
(हलके घ्या हो. मीपण रात्रपाळीचाच.)

डॉ_कुमुद | ८ जानेवारी, ०९:०५

मी फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. तुम्ही नको म्हणालात तेच वाक्य मी टाळू शकत नाही, पण आधी कारण सांगते.

फाइव्ह-एचटीपीपासून शरीरात सेरोटोनिन तयार होतं. एस्सिटॅलोप्रॅम तेच सेरोटोनिन मज्जातंतूंच्या फटीत जास्त वेळ राहू देतं. दोन्ही एकत्र घेतली तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. घाम, थरथर, जुलाब, ताप, छातीत धडधड, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. रोज होत नाही, पण तीव्र झालं तर थेट आयसीयू. 'सप्लिमेंट' असं लिहिलं म्हणून ते औषध नसतं असं नाही. तेव्हा सातवी वाटी रिकामीच ठेवा.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: हा प्रतिसाद वाचून घाबरून पहिल्या वाटीतली गोळी उद्यापासून बंद करू नका. क्लोनाझेपाम काही वर्षं रोज घेऊन एकदम सोडली तर झोप पूर्ण जाते, बेचैनी वाढते, क्वचित फिट येते. एस्सिटॅलोप्रॅम एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. दोन्ही उतरवायच्या तर पायरी पायरीने, आणि त्या पायऱ्या दुसऱ्या कुणीतरी आखून दिलेल्या असाव्यात.

तीन प्रश्न विचारते. घोरता का? आयुष्यात कधी असा काळ आला का, की झोप दोन-तीन तास पण अंगात प्रचंड उत्साह? आणि जीव नकोसा झालाय असं मनात येतं का? उत्तर इथे द्यायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गुरुजी_निवृत्त | ८ जानेवारी, ०९:४०

डॉक्टरबाईंशी सहमत. 'सप्लिमेंट' या शब्दाने आमचं घर पोळलेलं आहे, ते लिहितो.

आमच्या सौ.ना डी-३ कमी निघालं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असं सांगितलं. बाईंनी ऐकलं 'आठ', आणि पुडी घ्यायला लागल्या रोज. दुधात घालून, श्रद्धेने. आठवडे संपल्यावरही चालू, कारण "गुडघ्याला बरं वाटतंय". चार महिन्यांनी उलट्या, बद्धकोष्ठ, आणि एके दिवशी मला विचारतात, "अहो, तुम्ही शाळेतून कधी आलात?" मला निवृत्त होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर. पाच दिवस सलाइन.

घुबडराव, तुमच्या डब्यातली डी-३ कुठली आणि किती दिवसांनी घेता?

कोथरूडचं_घुबड | ८ जानेवारी, १०:१५

गुरुजी, ६०,००० वाली. आठवड्यातून एकदाच. बहुतेक. कधी विसरलो की दोन.

गुरुजी_निवृत्त | ८ जानेवारी, १०:१८

'बहुतेक' या शब्दाखाली लाल रेघ.

पहाटेचा_गडी | ८ जानेवारी, ११:२२

भावा, सगळा डबा फेक आणि पळ. रंकाळ्याला पहाटे पाचला दोन फेऱ्या मार, वर तांबडा-पांढरा हाण, डिप्रेशन कुठल्या कुठं पळतंय बघ. आमच्या ग्रुपात तीन जणांच्या गोळ्या सुटल्यात.

आणि हे नुसतं तालमीतलं बोलणं नव्हे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९९९ साली पन्नाशीच्या पुढच्या १५६ उदास लोकांचे तीन गट केले. एकाला सर्ट्रालिन ही उदासीवरची गोळी, एकाला व्यायाम, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारलेले. २०२४ ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २१८ प्रयोगांचा गोषवारा आलाय. चालणं-धावणं, योग, वजनं उचलणं, सगळ्यांचा फायदा दिसतोय. फुकट औषध आहे राव.

मनीमाऊ | ८ जानेवारी, ११:३०

तांबडा-पांढरा पण संशोधनात होता का? :)

चाफेकळी | ८ जानेवारी, १२:०३

गडी, रागावू नका, पण 'पळ' हा शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला.

२०१९. ब्रशवर पेस्ट लावली आणि बाथरूममधल्या पालथ्या बादलीवर बसले. दात घासायचे होते. पाऊण तासाने नवऱ्याने दार वाजवलं तेव्हा पेस्ट वाळून ब्रशला चिकटली होती. हात तोंडापर्यंत जात नव्हता. आळस नव्हता हो तो. त्या काळात मला भेटायला येणारा प्रत्येक माणूस सांगायचा, "जरा फिरायला जात जा." मी मान डोलवायचे, आणि ते गेले की वाटायचं, मला एवढंही जमत नाही, म्हणजे दोष माझाच.

तुम्ही सांगितलेला १९९९ चा प्रयोग माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनीही सांगितला होता, पण पुरा. त्यातल्या व्यायामवाल्यांना आठवड्यातून तीन वेळा बोलावून, समोर माणूस उभा करून व्यायाम करून घेतला होता. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत औषधवाल्यांना लवकर उतार पडला, व्यायामाने वेळ घेतला. बादलीवर बसलेल्या बाईला ते सुरुवातीचे आठवडेच निभावायचे असतात.

मला आधी औषध लागलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जरा उजाडलं. मग पहिला आठवडा फक्त जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत. दुसरा आठवडा गेटपर्यंत. वॉचमनकाका रोज विचारायचे, "ताई, काही आणायचंय का?" काय सांगणार, गेट आणायचंय. आज मी रोज चार किलोमीटर चालते आणि व्यायामाची तुमच्याइतकीच भक्त आहे. पण क्रम महत्त्वाचा.

पहाटेचा_गडी | ८ जानेवारी, १२:४१

ताई, चुकलंच माझं. ज्याच्या अंगात उठायचं बळ आहे त्यालाच पळ म्हणायचं, हे ध्यानात ठेवतो.

मेडिकलवाला_सातारा | ८ जानेवारी, १४:२०

काउंटरच्या आतल्या बाजूने चार शब्द. माझं दुकान आहे, वडिलांपासून.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू झालं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम असल्या झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या दिल्या की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती दिल्या हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तुमची क्लोनाझेपामही चिठ्ठीशिवाय द्यायची नसतेच. हे झालं कागदावरचं.

काउंटरवर काय होतं? एक निवृत्त बाई यायच्या, माझ्याच शाळेतल्या. पर्समधून चिठ्ठीची झेरॉक्स काढायच्या. घड्या पडून पडून फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली, आणि तारखेचा कोपरा नेमका गायब. मी काय करणार, ज्यांनी मला पाढे शिकवले त्यांना नाही म्हणायचं? दिल्या. दोन वर्षं दिल्या. मग त्या रात्री बाथरूमला जाताना पडल्या आणि खुबा मोडला. गोळीमुळेच पडल्या असं कुणी सिद्ध केलं नाही. पण उतारवयात या गोळ्यांनी तोल जातो हे मला माहीत होतं. तेव्हापासून ताजी चिठ्ठी नसेल तर आईलासुद्धा देत नाही. शेजारचा देतो, माझं गिऱ्हाईक तिकडे गेलं.

घुबडराव, तुमचा मेडिकलवाला तुमचा मित्र असेल, पण "नेहमीची?" हा काही तपासणीचा प्रश्न नाही.

वैद्य_रानडुक्कर | ८ जानेवारी, १५:५५

(नावावर जाऊ नका, कॉलेजातलं टोपणनाव आहे. बीएएमएस, प्रॅक्टिस चिपळूणला.)

आता अश्वगंधेवर सगळे तुटून पडणार, त्याआधी मीच बोलतो. ग्रंथात अश्वगंधा आहे ती मूळ, दुधात किंवा तुपात, प्रकृती बघून, ठरावीक काळासाठी. तुमच्या डब्यात आहे तो एकवटलेला अर्क, तोही वर्षानुवर्षं. दोन्हींना एकच नाव आहे इतकंच.

त्यापेक्षा पादाभ्यंग करा. झोपताना तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने दहा-दहा मिनिटं घासा. वाटी काळी पडते, तिकडे लक्ष देऊ नका, तो धातूचा गुण आहे, अंगातलं विष वगैरे काही निघत नाही.

डॉ_कुमुद | ८ जानेवारी, १६:३०

वैद्यबुवा, काळ्या वाटीबद्दल खरं बोललात म्हणून तुम्हाला शंभर मोदक! अश्वगंधेबद्दल पुस्ती जोडते. ती थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते आणि काही लोकांना यकृताला सूज आल्याची नोंद आहे. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. मला ती बंदी जरा जास्त वाटते, पण क्लोनाझेपामसोबत घेतली तर गुंगीत भर पडते, हे घुबडरावांनी लक्षात घ्यावं.

वैद्य_रानडुक्कर | ८ जानेवारी, १६:५२

डेन्मार्कला काय कळतंय अश्वगंधेतलं! बाकी मान्य.

टवाळ_पांडू | ८ जानेवारी, १७:०५

झोपेवर रामबाण: दुपारी बारा वाजता जायफळ घातलेलं श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, वर मसालेभात. साडेबाराला माणूस आडवा. दुष्परिणाम: सासुरवाडी.

मनीमाऊ | ८ जानेवारी, १७:११

पांडू, झोप जायफळाने नाही, अकरा पुऱ्यांनी लागते. आणि मसालेभातावर श्रीखंड कोण खातं?

सोलापुरी_चादर | ८ जानेवारी, १७:२०

श्रीखंड आणि मसालेभात एकाच ताटात वाढलेले असतात ओ. 'वर' म्हणजे त्यानंतर.

मनीमाऊ | ८ जानेवारी, १७:२४

आधी गोड मग भात? कुठल्या तालुक्यात?

सोलापुरी_चादर | ८ जानेवारी, १७:२६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

अ‍ॅबर्डीनची_सखू | ८ जानेवारी, १९:४८

पंगत उठली असेल तर बोलू का? मी स्कॉटलंडच्या ईशान्य भागात असते. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी शनिवारी दुपारी चार वाजता खिडकीबाहेर बघून रात्रीचं जेवण करून झोपले होते.

मला कामी आला तो दिवा. १०,००० लक्सचा, सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास, थेट त्यात बघायचं नाही, बाजूला ठेवून पोहे खायचे. दर हिवाळ्यातच येणाऱ्या उदासीवर हा मान्यताप्राप्त उपाय आहे. पण तुम्हाला पुण्यात दिवा कशाला? जानेवारीतलं सकाळचं ऊन आहे, टेकडी आहे. घुबडराव, टेकडीवर जाता कधी, सकाळी की संध्याकाळी?

आणि मेलाटोनिन. इथे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मीही भारतातून आणि अमेरिकेतून मागवायचे. जीपीला (इथल्या फॅमिली डॉक्टरला) सांगितल्यावर तो म्हणाला, हे झोपेचं इंजेक्शन नाही, अंधार पडल्याची वर्दी आहे. वर्दी मोठ्याने दिली म्हणून रात्र लवकर होत नाही.

न्यूजर्सीचा_नाना | ८ जानेवारी, २१:१५

त्या चघळायच्या गोळ्या इकडे किराणा दुकानात बडीशेपेसारख्या मिळतात. २०२३ मध्ये इथल्या संशोधकांनी २५ प्रकार विकत आणून तपासले, निष्कर्ष 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २५ पैकी २२ मध्ये लेबलवरचा आकडा आणि आतला माल जुळत नव्हता. कुठे ७४ टक्के, कुठे ३४७ टक्के, एकात तर मेलाटोनिनचा पत्ताच नव्हता. म्हणजे आतेभावाने आणलेली १० ची गोळी प्रत्यक्षात साडेसातची असेल, पस्तिशीची असेल, किंवा नुसता जेलीचा तुकडा. इकडे सप्लिमेंटला बाजारात यायला आधी काही सिद्ध करावं लागत नाही.

दर भारतवारीत बायको मला यादी देते, आणि भारतातले नातेवाईक मला उलटी यादी देतात. दोन्ही बॅगांत गोळ्याच.

दुबईकर_दादा | ८ जानेवारी, २१:५०

नाना, इकडे येताना ती बॅग जपून. यूएईत अल्प्राझोलाम, ट्रॅमाडोल अशी औषधं आधी परवानगी काढल्याशिवाय आणता येत नाहीत. सोबतचा एक जण विमानतळावर नऊ तास बसून होता, सासऱ्यांच्या गोळ्या खिशात राहिल्या म्हणून.

वऱ्हाडी_ठेचा | ८ जानेवारी, २३:०२

लिहू की नको असा विचार करत होतो. लिहितो.

डॉक्टरताईंनी दुसरा प्रश्न काहून विचारला ते सांगतो. माझा लहान भाऊ, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. उदास राहायचा, खोलीबाहेर येत नव्हता. आईच्या एस्सिटॅलोप्रॅमच्या चार पट्ट्या उरल्या होत्या. मीच दिल्या. मीच. म्हटलं एवढीशी गोळी आहे, आईला लागू पडली, यालाही पडेल.

तीन आठवड्यांनी पोरगं एकदम बरं. हसतंय, बोलतंय, दोन तास झोपून ताजं. आम्ही गणपतीपुढे पेढे ठेवले. चौथ्या आठवड्यात एका रात्रीत अकरा जोड बूट मागवले. मग एकदा रात्री तीनला उठलो तर हा हॉलमधलं सगळं सामान मधोमध ओढून भिंत खरवडत होता, घर रंगवायचं म्हणे, सकाळपर्यंत. अडवलं तर माझ्या अंगावर धावून आला. जो पोरगा मुंगीला पाय लावत नव्हता तो.

बायपोलर निघालं. अशा माणसाला नुसती उदासीवरची गोळी दिली तर गाडी उलट्या बाजूला पळते, असं डॉक्टर म्हणाले. आता तो लिथियमवर आहे, मधून मधून रक्त तपासतो, नोकरी करतो, मागच्या वर्षी लग्न झालं. पण त्या पट्ट्या मी दिल्या होत्या, हे काही जात नाही ना मनातून.

चाफेकळी | ८ जानेवारी, २३:१५

ठेचाभाऊ, तुम्हाला माहीत नव्हतं. आणि तुम्ही लिहिलंत म्हणून आज वीस घरांतली उरलेली पट्टी कचऱ्यात जाईल.

कोथरूडचं_घुबड | ९ जानेवारी, ०३:०४

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

घोरतो का: बायको म्हणते हो, पण ती अतिशयोक्तीत गोल्ड मेडलिस्ट आहे. उत्साहाचा काळ: कधीच नाही, कॉलेजातही नाही. टेकडीवर जातो ते संध्याकाळी सात-साडेसातला, ऑफिसनंतर. घरी येऊन चहा.

तिसरा प्रश्न. काही करावं असं नाही वाटत. पण रात्री झोपताना कधी कधी वाटतं, सकाळ नाही झाली तरी चालेल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला माझं नाव माहीत नाही म्हणून सांगतोय.

डॉक्टरकडे न जाण्याचं कारण विचाराल तर, एक तर फाइल होईल. नोकरीत कळेल, विमा नाकारतील. दुसरं कारण जरा विचित्र आहे. तो म्हणाला की हे नैराश्य आहे, तर मग ते आहे. आता निदान फक्त डबा आहे.

डॉ_कुमुद | ९ जानेवारी, ०६:१०

सांगितलंत, फार बरं केलंत. व्यनि केला आहे, आज वाचाच. जे लिहिलंत ते आज पत्नीला सांगा, रात्रीची वाट न बघता. तो विचार जोर धरू लागला किंवा नुसतं बोलावंसं वाटलं तर १४४१६, टेली-मानस. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि पहिली वाटी आजपासून पत्नीच्या ताब्यात, रोज एकच गोळी हातात.

लॉ_की_पॉइंट | ९ जानेवारी, ०९:३५

फाइलच्या भीतीपुरतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा आहे. आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर कायद्याने बंधन आहे, ऑफिसला कळवत नाहीत. मात्र विम्याच्या फॉर्मवर आजार लपवू नका, दावा फेटाळायला तेच कारण मिळतं. व्यवहारात कंपन्या त्रास देतात का? देतात. पण तो भांडता येण्यासारखा त्रास आहे.

ठाणेकरीण | ९ जानेवारी, ११:१८

झोपेच्या गोळीला पर्याय काय, यावर अजून कुणी बोललं नाही, म्हणून माझं पुराण.

मला दोन वर्षं निद्रानाश होता. समुपदेशक बाईंनी पंधरा दिवस रोजनिशी लिहायला लावली. गादीवर कधी पडले, झोप कधी लागली, कितीदा उठले. हिशोब निघाला: गादीवर नऊ तास, झोप जेमतेम पाच. बाई म्हणाल्या, मग गादीवर पाचच तास पडायचं. साडेबारा ते साडेपाच. आधी नाही, नंतर नाही, दुपारी नाही. आणि पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत.

मी म्हटलं, बाई, मला झोप येत नाही म्हणून आले आणि तुम्ही आहे तीच काढून घेताय!

पहिले दहा दिवस हाल. थंडीचे दिवस होते. रात्री दीडला स्वयंपाकघरात पाटावर बसून मी मटार सोलायचे. मोबाइल नाही, टीव्ही नाही, फक्त मटार. सासूबाई एकदा पाणी प्यायला उठल्या आणि देवाचं नाव घेत परत गेल्या. फ्रीजर भरला. बाराव्या की तेराव्या रात्री मटार सोलता सोलता मान पडायला लागली, गादीवर गेले ती थेट गजर. मग दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटं वाढवून मिळाली, सरकारी महागाई भत्त्यासारखी. आता साडेसहा तास झोपते. गोळी नाही.

याला निद्रानाशाची सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायचा उपचार) म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच करा असं सांगितलंय.

डॉ_कुमुद | ९ जानेवारी, १३:००

ठाणेकरीणताई, सुंदर लिहिलंत. फक्त बायपोलर, फिटचा आजार किंवा रात्री गाडी चालवायचं काम असलेल्यांनी हा झोप-कपातीचा प्रकार स्वतःहून करू नये. आणि घुबडरावांनी गोळी चालू असताना तर मुळीच नाही. घुबडराव, घोरण्याकडे दुर्लक्ष नको. झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसभर सपाट वाटतं, आणि क्लोनाझेपामने ते बिघडू शकतं. संध्याकाळी साडेसातचा चहा आजच बंद. निम्मं कॅफीन पाच तासांनीही अंगात असतं.

टवाळ_पांडू | ९ जानेवारी, १३:१०

मटार किलोने विकणार का ताई?

गुरुजी_निवृत्त | ९ जानेवारी, १८:४४

घुबडराव, आज काही लिहिलं नाहीत. सगळं ठीक?

कोथरूडचं_घुबड | ९ जानेवारी, २२:०५

ठीक. बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, डबा उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. सोमवारची वेळ घेतली आहे. तिने फोन केला, मी शेजारी बसलो होतो.

कोथरूडचं_घुबड | ४ फेब्रुवारी, ०७:०५

धागा वर काढतोय, कारण दोघा-तिघांनी व्यनित विचारलं.

मानसोपचारतज्ज्ञ बाई आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. डबा सोबत नेला होता. त्यांनी एकेक वाटी टेबलावर काढली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न: "हे घ्यायला लागल्यावर काय बदललं?" पाच वाट्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

थायरॉइड ठीक. बी-१२ १५२, म्हणजे कमी. मी आनंदाने म्हटलं, मग हेच कारण! त्या म्हणाल्या, हे भरून काढू, पण सगळा भार बिचाऱ्या बी-१२ वर टाकू नका. क्लोनाझेपाम वेगळी केली आहे आणि कणाकणाने कमी करतोय, काही महिने लागतील म्हणे. एस्सिटॅलोप्रॅम चालू, मात्रा बदलली. डी-३ चार आठवड्यांनी तपासून ठरवू. अश्वगंधा आणि जेलीचे तुकडे बंद. झोपेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. बायकोने माझं घोरणं रेकॉर्ड करून ऐकवलं. अतिशयोक्ती नव्हती.

टेकडी आता सकाळी सहाला. मधल्या एका आठवड्यात फार वाईट गेलं, तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी ताईंचं गेट आठवलं. टेकडीच्या पहिल्या वळणापर्यंत गेलो, परत आलो.

चाफेकळी | ४ फेब्रुवारी, ०८:२०

पहिलं वळण म्हणजे माझ्या दुसऱ्या आठवड्याच्या पुढे आहात.

पहाटेचा_गडी | ४ फेब्रुवारी, ०८:५१

लई भारी. कोल्हापूरला या कधी, रंकाळ्याला बसू. बसू म्हणतोय, पळू नाही.

वैद्य_रानडुक्कर | ४ फेब्रुवारी, १०:३०

अश्वगंधा बंद केलीत ते ठीक. काशाच्या वाटीचं काय झालं?

कोथरूडचं_घुबड | ४ फेब्रुवारी, २१:१२

मुलगी घासून देते. एका पायाचे दहा रुपये घेते. वाटी मिसळणाच्या डब्यातच ठेवली आहे.

नवा_भिडू_९९ | ११ फेब्रुवारी, ०३:१२

नमस्कार, नवीन सदस्य. खूप उपयुक्त धागा. वरचे सगळे प्रतिसाद वाचायला वेळ झाला नाही. तर मग फाइव्ह-एचटीपी कितीचं घ्यायचं ठरलं?

टवाळ_पांडू | ११ फेब्रुवारी, ०६:३०

घुबडराव, गिऱ्हाईक.

कोथरूडचं_घुबड | ११ फेब्रुवारी, ०६:५५

नवा भिडू, टेकडीवरून लिहितोय, धाप लागली आहे, चुका सांभाळा. ते नंतर बोलू. आधी सांगा, पहाटे सव्वातीनला जागे का होतात? आणि सध्या आणखी काय काय घेता?